हिरवळीचे दाम

व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी आम्हांला विषय विचारला तेव्हा आम्ही "गोल्फच्या मैदानाची फी" असे उत्तर दिले. त्यांना ती थट्टा वाटली. हमालांच्या संघटनेत तीस वर्षे काढलेल्या माणसाने हिंगोलीसारख्या गावी, भर उन्हाळ्यात, हिरवळीवर बोलावे हे चमत्कारिक खरेच. पण हा विषय आम्ही पुस्तकातून काढलेला नाही. तो आम्हांला मोंढ्यात सापडला.

झाले ते असे. एका अडत्याचा मुलगा विलायतेत नोकरीला आहे. गेल्या दिवाळीत तो घरी आला, आणि दुकानाच्या ओट्यावर बसून सांगू लागला की, स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज या गावी आपण गोल्फचा एक डाव खेळलो आणि त्यासाठी तीनशेहून अधिक पौंड मोजले. आपल्या रुपयांत पस्तीस-चाळीस हजार झाले. हळदीची पोती रचून दम खात बसलेल्या मंडळींपैकी एका वयस्क गड्याने विचारले, "मालक, येवढ्या पैशात काय काय येतं?" मुलगा म्हणाला, मैदानात खेळू देतात. "अन् काठी?" काठी आपली. "चेंडू?" तोही आपलाच. "मंग वझं कोन उचलतं?" त्यासाठी माणूस मिळतो, त्याचे पैसे निराळे. "म्हंजे हे निस्तं गेटाचं तिकीट झालं," गडी म्हणाला. सगळे हसले, मुलगाही हसला. आम्हांला मात्र तो प्रश्न सोडीना. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते वाचनालयाच्या बाकावर. त्याच बाकावर बसून या तिकिटाचा इतिहास आम्ही जमेल तसा वाचला.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. गोट्यांच्या खेळात जशी गल असते तशी येथेही असते. अशा अठरा गली कोस-दीड कोसाच्या रानात पसरलेल्या असतात, आणि कमीत कमी टोल्यांत चेंडू एकामागून एक त्या गलींत घालायचा असतो. काठ्यांची जड पिशवी घेऊन खेळाडूमागे जो चालतो त्याला कॅडी म्हणतात. जुन्या काळी सबंध मैदानालाच ग्रीन म्हणत, म्हणून मैदानाच्या पैशाला ग्रीन फी हे नाव पडले. गंमत अशी की, उष्ण देशांतल्या मैदानांवर ही हिरवळ बहुधा आपल्या हरळीची असते. जी उपटून टाकण्यासाठी आमचा शेतकरी कुदळ घेऊन जन्म काढतो, ती तेथे पाणी पाजून, कातरून, लहान लेकरासारखी सांभाळतात.

आता सेंट अँड्र्यूजकडे वळू. समुद्रकाठची वाळूची, नांगराला निरुपयोगी अशी ती जमीन. आपल्या भाषेत सांगायचे तर गावचे गायरानच. 1552 साली तेथील आर्चबिशपने एका सनदेने मान्य केले की, या जमिनीवर गोल्फ आणि इतर खेळ खेळण्याचा हक्क गावकऱ्यांचा आहे. फी नाही, फाटक नाही. सुमारे अडीचशे वर्षे हे असेच चालले. पुढे अठराव्या शतकाच्या अखेरीस नगरपालिका कर्जात बुडाली आणि तिने गायरान खाजगी हातांत घातले. घेणाऱ्यांनी तेथे सशांची पैदास सुरू केली. ससे बिळे खणू लागले आणि गोल्फ खेळणारे गावकरी नव्या मालकांशी भांडू लागले. कोर्टकज्जे झाले, हातघाईही झाली. 1821 साली जवळच्याच एका गोल्फप्रेमी जमीनदाराने ती जमीन विकत घेतली तेव्हा कोठे सशांचे राज्य संपले. परंतु मालकी खाजगीच राहिली. अखेर 1894 साली पार्लमेंटचा कायदा करवून नगरपालिकेने आपलेच गायरान पुन्हा विकत घेतले. गावाची वस्तू गावाला पैसे मोजून परत घ्यावी लागली, हे वाचताना गायरानासाठी कचेरीचे उंबरे झिजविणारी आमची माणसे आम्हांला आठवल्याशिवाय राहिली नाहीत.

पाहुण्यांकडून फी घेण्यास प्रारंभ झाला तो 1913 साली. गावचा कर भरणारा मनुष्य मात्र 1946 पर्यंत फुकट खेळत होता. 1974 पासून एक विश्वस्त मंडळ कारभार पाहते. आज गावकऱ्याला वर्षाचे तिकीट सवलतीने मिळते, आणि बाहेरून येणाऱ्याकडून एका डावाचे शेकडो पौंड घेतले जातात. त्यातून मैदान राखले जाते, शिल्लक पुन्हा मैदानावरच खर्च होते. खेळण्याच्या बऱ्याचशा वेळा चिठ्ठ्या टाकून दिल्या जातात, तेव्हा नुसती थैली मोठी असून भागत नाही. काही वेळा प्रवासी कंपन्यांकडे जातात आणि त्या मुक्काम-जेवण जोडून कितीतरी पटीने दाम घेतात, हेही सांगितले पाहिजे. दलाल तेथेही आहेतच! पण सामान्यतः रविवारी जुने मैदान खेळाला बंद असते, आणि त्या दिवशी सारा गाव त्या जगप्रसिद्ध हिरवळीवरून पोरेबाळे, कुत्री घेऊन फुकट हिंडतो.

येथे कारागिरांची एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. पूर्वी गोल्फचा चेंडू कातड्यात पिसे ठासून करीत. कुशल कारागिराच्या हातून दिवसाला तीन-चार चेंडू निघत, म्हणून चेंडू महाग आणि खेळ श्रीमंतांचा. 1848 च्या सुमारास मलायातील झाडाच्या चिकाचा, गटापर्चाचा, स्वस्त चेंडू आला. सेंट अँड्र्यूजचा नामांकित चेंडूकार ॲलन रॉबर्टसन याला त्यात आपल्या धंद्याचे मरण दिसले. त्याच्या हाताखालचा टॉम मॉरिस नवा चेंडू वापरू लागला, तेव्हा दोघांचे बिनसले आणि मॉरिसने दुकान सोडले. पिसांचे कारागीर बुडाले, पण गरिबांच्या हाती चेंडू आला. कामगार चळवळीत असे प्रसंग आम्ही पुष्कळ पाहिले. अशा वेळी कोणाची बाजू घ्यावी याचे सरळ उत्तर आम्हांला अजून सापडलेले नाही. असो.

आपल्या देशात हा खेळ गावकऱ्यांचा म्हणून आलाच नाही. तो साहेबाबरोबर आला. कलकत्त्याचा क्लब 1829 चा, मुंबईचा 1842 चा. म्हणजे मुंबईत आगगाडी धावण्यापूर्वी अकरा वर्षे तेथे गोल्फ क्लब निघालेला होता. पुढे छावण्यांतूनही मैदाने झाली. पाणी नसेल तेथे गलीभोवती गवताऐवजी तेल मिसळलेली वाळू पसरीत आणि तिला ग्रीनऐवजी ब्राऊन म्हणत.

छावणी म्हणजे काय हे हिंगोलीकरांना सांगावयास नको. निजामाच्या खर्चाने इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली ठेवलेल्या हैदराबाद कंटिंजंटचे आपले गाव एक ठाणे होते. त्या फौजेचा खर्च थकला म्हणून 1853 च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला, आणि 1902 च्या कराराने तो वर्षाला 25 लाख रुपयांच्या बोलीवर कायमचा त्यांच्याकडे राहिला. फौज हिंदी सैन्यात विलीन झाली. छावणीच्या कवायतीचे, बंगल्यांचे आणि संध्याकाळच्या करमणुकीचे पैसे शेवटी जोंधळा-कापूस पिकविणाऱ्याने भरले होते, त्याला पावती मिळाली नाही एवढेच. ही खोड साहेबाबरोबर गेली असे समजू नये. संरक्षण खात्याच्या जमिनींवरील गोल्फ मैदानांचा प्रश्न देशाच्या महालेखापरीक्षकांनी आपल्या 2010-11 च्या अहवालात काढला. जमीन सरकारी, फी बाहेरच्या सभासदांकडूनही घेतलेली, आणि रक्कम मात्र सरकारी तिजोरीत जमा नाही, असा त्यांचा आक्षेप होता.

आता ओझ्याकडे येऊ, कारण आमचा धंदाच तो. मोंढ्यात शेतकऱ्याच्या हातात जी पट्टी पडते तिच्यावर हमाली आणि तोलाई निराळी लिहिलेली असते. गोल्फमध्येही कॅडीचे पैसे निराळे. मग कॅडी कोणाचा नोकर? हा प्रश्न हाँगकाँगच्या एका कॅडीने लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत नेला. क्लबने त्याला बिल्ला आणि गणवेश दिलेला. दर डावाचा दर क्लबने ठरविलेला. पैसे क्लब देई आणि खेळाडूच्या खाती मांडी. तरी 1997 साली बहुमताचा निकाल झाला की तो क्लबचा नोकर नव्हे. एका न्यायाधीशाचे मत विरुद्ध पडले.

हा निकाल वाचून आम्ही पुस्तक मिटले. आमचे हमाल नेमके याच कोड्यात अडकले होते. आज या दुकानाचे पोते, उद्या त्या दुकानाचे. मालक शंभर, म्हणून मालक कोणीच नाही! अण्णासाहेब पाटलांसारख्यांच्या लढ्यामुळे महाराष्ट्राने 1969 साली माथाडी कायदा केला. मालक एक नसेल तर नसो, मंडळ एक असू द्या. मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरा, त्यातून भविष्यनिर्वाह निधी, उपदान आणि रजेचा पगार द्या, असा तो साधा तोडगा. हाँगकाँगच्या न्यायाधीशांना हा मोंढ्यातला तोडगा कोणी दाखविला असता तर बरे झाले असते, असे आम्हांला वाटते.

क्लबाच्या पक्क्या नोकरांचीही वाट सरळ नव्हती. मद्रासच्या जिमखान्याने गोल्फ, टेनिस इत्यादींची मैदाने राखली होती. तेथील कामगारांनी बोनस मागितला. 1967 साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, सभासदांचा क्लब हा 'उद्योग' नव्हे, म्हणून तो तंटा औद्योगिक कायद्यात बसत नाही. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती हिदायतुल्ला पूर्वी नागपूरला मुख्य न्यायाधीश होते. माणूस थोर, पण हा निकाल आमच्या लोकांना जड गेला. पुढच्याच वर्षी मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियाबाबत तसेच झाले. 1978 साली बंगलोर पाणीपुरवठ्याच्या खटल्यात सात न्यायाधीशांच्या पीठाने 'उद्योगा'ची व्याख्या रुंद केली आणि हे दोन्ही निकाल मागे पडले. हिरवळ कातरणारा हात कामगाराचा आहे हे कबूल व्हायला अकरा वर्षे लागली. त्या हातांत काय असते याचा दाखला हवा असेल तर एस. एस. पी. चौरसिया यांचा घ्या. कलकत्त्याच्या त्या जुन्या क्लबात मैदान राखणाऱ्या माळ्याचा हा मुलगा 2016 आणि 2017 अशी दोन वर्षे लागोपाठ इंडियन ओपन जिंकला.

महाराष्ट्रात सेंट अँड्र्यूजच्या जवळ जाणारे काही आहे काय? नवी मुंबईत खारघरला सिडकोने केलेले मैदान आहे. सभासद नसलेल्यालाही तेथे फी भरून खेळता येते, आणि मालकी सरकारी महामंडळाची आहे. एवढ्यापुरते ते आम्हांला चांगले वाटते. परंतु ज्या शहरात ते आहे ते शहर 95 गावांच्या जमिनींवर उभे राहिले. त्या जमिनींच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जानेवारी 1984 मध्ये आंदोलन झाले आणि गोळीबारात पाच माणसे पडली. स्कॉटलंडच्या गावकऱ्याला त्याच्या गायरानावर सवलत मिळते. त्या 95 गावांतल्या पोरांना त्या हिरवळीवर कोणत्या दराने खेळू द्यावे, हा प्रश्न फीच्या तक्त्यावर पहिल्या ओळीत असावयास हवा होता.

आणि पाणी? एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आले. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने 30 एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यावयास सांगितले. मराठवाड्यातल्या माणसापुढे हिरवळीची किंमत सांगताना हा महिना विसरून चालणार नाही.

तेव्हा अडत्याच्या मुलाचे पैसे वसूल झाले काय? आमचे उत्तर, झाले. त्याने जे दिले त्यातून गावाचे गायरान गावाकडे राहते, म्हणून आम्ही त्याला उधळ्या म्हणणार नाही. हीच रक्कम त्याने सरकारी जमिनीवरच्या एखाद्या बंद फाटकाच्या क्लबात, केवळ आत गेल्याच्या मानापायी दिली असती, तर मात्र आमच्या गड्याचे गेटाच्या तिकिटाचे बोलणेच आम्ही शेवटचे मानले असते.

हे सारे आम्ही मोंढ्यात सांगितले. गड्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "रविवारी समद्यांना फिरू देतेत म्हनता?" देतात. "फुकट?" फुकट. "मंग आपुन रविवारीच जाऊ." तेवढ्यात दारात ट्रक लागला आणि मंडळी उठली.