हेन्केन, पूर्वग्रह आणि काळीपरज

पूर्वग्रहासाठी जपानी भाषेत ‘हेन्केन’ हा शब्द आहे आणि तो दोन चिनी अक्षरांनी लिहिला जातो: ‘हेन्’ म्हणजे एका अंगाला कलणे, तर ‘केन्’ म्हणजे पाहणे; या दुसऱ्या अक्षरात दोन पायांवर उभा असलेला डोळा आजही ओळखू येतो. जपानी माणूस ‘हेन्केनच्या डोळ्यांनी’ पाहतो, म्हणजे डोळा एकाच बोलण्यात दोनदा येतो; भेदभावाच्या प्रत्यक्ष वागणुकीला मात्र ‘साबेत्सु’ हा वेगळा शब्द आहे. शिवाय आपल्या आवडीनिवडी सांगताना ‘माझ्या मनमानीने आणि हेन्केनने’ असे अर्धवट थट्टेने म्हणण्याचीही रीत आहे; मराठीत पूर्वग्रहाची कबुली इतक्या हसतमुखाने क्वचितच दिली जाते.

मराठी शब्दाचे कूळ नजरेत नसून मुठीत आहे. ‘ग्रह्’ या धातूचा अर्थ पकडणे, म्हणून आधीच घट्ट धरलेली समजूत तो पूर्वग्रह. ‘तिचा तसा ग्रह झाला’ या वाक्यात तीच पकड आहे. जपानी बौद्ध परिभाषेत उच्चाराने तंतोतंत सारखा, पण पहिले अक्षर निराळे असलेला आणखी एक ‘हेन्केन’ आहे. तो ‘अन्तग्राहदृष्टि’, म्हणजे एका टोकाला चिकटलेली दृष्टी, या संस्कृत संज्ञेचा अनुवाद असून तिच्यात मूठ आणि नजर एकत्र सापडतात.

महाराष्ट्र-गुजरात सीमेवरच्या नवापूरपलीकडे पूर्वग्रहाची ही नजर थेट लोकांच्या नावातच उतरली होती. मराठी बाजूच्या गावित आदिवासींचे गुजरातेतील भाऊबंद गामीत; त्यांच्यासह दक्षिण गुजरातेतील आदिवासींना सरसकट ‘काळीपरज’, म्हणजे काळी प्रजा, म्हटले जाई, आणि ब्राह्मण, वाणी, पाटीदार हे ‘उजळीपरज’ ठरत. गांधीवादी चळवळीत 1920 च्या दशकात त्याऐवजी ‘रानीपरज’, म्हणजे रानातली प्रजा, हे नाव रुजवले गेले. रंग गेला, तरी नाव ठेवणारा बाहेरचाच राहिला.

आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील तळोदा तालुक्यात मात्र 1930 च्या दशकात गुलाम महाराज या संतांच्या भिल्ल अनुयायांनी नवे नाव घेण्याच्या भानगडीत न पडता संबोधनच बदलले आणि ते एकमेकांना ‘आप’ म्हणू लागले.