बीदरला एक मेल

साल 1946. तुम्ही उदगीरच्या शाळेत सातवीला आहात. उदगीर अजून बीदर जिल्ह्यात आहे आणि राज्य निजामाचं. घरात मराठी, बाजारात कानडी आणि दखनी, वर्गात मात्र उर्दू. गणितही उर्दूतच. 1918 मध्ये स्थापन झालेलं हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ उर्दूतून शिकवतंय, म्हणून पुढं शिकायचं तर हीच भाषा घोटायची.

आज तुम्हाला बीदरच्या मित्राला पत्र लिहायचंय. त्याच्या घरी कानडी, तुमच्या घरी मराठी. मग पत्र उर्दूत. टाक दौतीत बुडवा, कागदाच्या उजव्या कडेनं सुरुवात करा, बाहीनं शाई पुसली जाऊ देऊ नका. परीक्षा कधी, जत्रेला येणार का, मामानं सायकल घेतली का, एवढंच लिहा. लिफाफ्यावर एक आण्याचं चारमिनारचं तिकीट आहे. निजामाचं टपालखातं वेगळं, त्यामुळे हे तिकीट सोलापूरला चालत नाही. बीदरला चालतं. पत्र पोचतं आणि त्याचं उत्तरही येतं.

ही उर्दू तुम्ही मागितलेली नाही. आईच्या भाषेत शिकायला मिळत नाही याचा राग मोठ्यांच्या बोलण्यातून तुमच्याही कानावर येतो, आणि तो रास्त आहे. तिकडं कोरियात तुमच्याच वयाच्या मुलाला गेल्या वर्षी शाळेत स्वतःची भाषा परत मिळालीय. जपानचं राज्य तिथं 35 वर्षं होतं, आणि शेवटची काही वर्षं शाळांतून कोरियन भाषा हद्दपारच झाली होती.

तुमच्यापुढं निजामाच्या बाजूच्या रझाकारांची दहशत आहे, मग 17 सप्टेंबर 1948 ला निजामाचं राज्य संपतं. 1 नोव्हेंबर 1956 ला भाषावार राज्यं होतात. उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्यात येतात, बीदर म्हैसूर राज्यात जातं. तुमची मुलं मराठीत शिकतात. हवं होतं तेच झालं. बीदरशी पत्रव्यवहार तेवढा थांबला.

आता जून 2002. तुम्ही लातुरात बारावीला, सकाळपासून ट्यूशन करून दमलेले. गंजगोलाईजवळच्या एका बोळातल्या सायबर कॅफेत प्लायवूडच्या खोपट्यात शिरा. मोडेम किंचाळून जोडला जातो. हॉटमेलचा डबा 2 एमबीचा, म्हणून जुनी पत्रं पुसत राहायची. सोलच्या पत्रमित्राचा मेल आलाय. त्याच्या लिपीतलं त्याचं नाव नुसत्या प्रश्नचिन्हांची रांग होऊन दिसतं, खालचा मजकूर इंग्रजीत. तिकडं साडेतीन तास पुढची वेळ. विश्वचषक फुटबॉल जपान आणि कोरियानं मिळून भरवलाय आणि कोरिया उपांत्य फेरीत गेलाय. पोरगा आनंदानं वेडा झालाय.

तो लिहितो, आमचा वर्ग ओसाकाच्या एका वर्गाला मेल करतो. इंग्रजी दोघांचंही कच्चं, पण निदान कुणी कुणावर लादलेलं नाही. डब्यात काय आणता, गाणं कुणाचं ऐकता, क्लास किती वाजता सुटतो, असं विचारतो. आजोबांना हे आवडत नाही. त्यांच्या शाळेत जपानी बोलायची सक्ती होती.

मेल दोनदा वाचा. जपानी सिनेमा आणि गाण्यांवर कोरियात काल-परवापर्यंत बंदी होती. ऑक्टोबर 1998 मध्ये किम दे-जुंग आणि ओबुची यांनी टोकियोत जाहीरनाम्यावर सह्या केल्या, तेव्हापासून ती टप्प्याटप्प्यानं उठतेय. मोठ्यांचा हिशेब अजून मिटलेला नाही. तरी पोरं एकमेकांना डब्यातलं विचारतात. मला यात फार मोठं धाडस दिसतं.

शेवटची ओळ तुमच्यासाठी आहे: तुमच्या शेजारच्या राज्यातली मुलं कशी असतात? तुमची बोटं कीबोर्डवर थांबतात. सोलला लिहिणारे तुम्ही, बीदरच्या एकाही मुलाला ओळखत नाही. उदगीरहून एसटीनं दोन-अडीच तास. पण वर्तमानपत्रात महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नाची बातमी आली तरच बीदर-भालकी भेटतात. नांदेड जिल्ह्यातल्या तुमच्या मावसभावाचंही तेच. तो धर्माबादला राहतो, पलीकडं तेलुगू मुलूख, आणि त्याचा पत्रमित्र लंडनचा. साने गुरुजी आंतरभारती म्हणत होते, म्हणजे प्रांताप्रांतांनी एकमेकांना जाणून घेणं, ती नेमकी याच रस्त्यावर व्हायला हवी होती.

आता आजच्या दिवसात या. फोनवर मराठी, कानडी, तेलुगू सगळं सरळ टाइप होतं, समोर प्रश्नचिन्हं उमटत नाहीत, भाषांतरही क्षणात मिळतं. उदगीर, देवणी, निलंगा, देगलूर, बिलोली, धर्माबादच्या शिक्षकांनो, बीदर, भालकी, बोधन, भैंसा इथल्या एखाद्या शाळेचा ईमेल मिळवा. तुमचा आठवीचा वर्ग आणि त्यांचा आठवीचा वर्ग जोडून द्या. पहिल्या पत्रात सीमा नको, इतिहास नको. डब्यात काय आणता, एवढं मुलांना विचारू द्या. उत्तर आलं नाही तर आठवड्यानं पुन्हा लिहायला सांगा.