आयटीची वाट भंडाऱ्यातूनही जाते

दहावी आणि बारावीचे निकाल जाहीर झाले की भंडारा, तुमसर, साकोली येथील सेवा केंद्रांसमोर विद्यार्थी व पालकांच्या रांगा लागतात. उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, नॉन-क्रिमिलेअर अशी कागदपत्रांची जुळवाजुळव सुरू होते. या धावपळीत एक प्रश्न मात्र बहुधा मागेच राहतो. मुलाने किंवा मुलीने नेमके काय शिकावे? जिल्ह्यातील सर्वसाधारण कुटुंबाचे उत्तर ठरलेले असते. गुण चांगले असतील तर विज्ञान शाखा, नागपूरची शिकवणी आणि अभियांत्रिकीची पदवी. गुण कमी पडले तर आयटीआय. या दोन टोकांच्या मध्ये माहिती तंत्रज्ञानाकडे नेणाऱ्या अनेक वाटा आहेत. त्या तुलनेने कमी खर्चाच्या आहेत आणि त्यांतील काहींसाठी जिल्हा सोडण्याचीही गरज नाही. पण त्यांची माहिती वेळेवर मिळत नाही. मिळाली तरी 'कमी गुणवाल्यांसाठीचे शिक्षण' या शिक्क्यामुळे ती कानाआड केली जाते.

धान, तलाव आणि पितळेची भांडी ही भंडाऱ्याची जुनी ओळख. १ मे १९९९ रोजी गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि भंडाऱ्याकडे भंडारा, तुमसर, मोहाडी, पवनी, साकोली, लाखनी व लाखांदूर हे सात तालुके राहिले. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १२ लाख आहे. स्टेनलेस स्टील आणि प्लास्टिक घरोघरी पोहोचल्यानंतर पितळेच्या भांड्यांचा धंदा ओसरला. मोहाडी परिसरातील कोशाच्या विणकामालाही यंत्रमागाच्या कापडाशी झुंजावे लागले. हातात कसब असूनही बाजार बदलला की काय होते, याचा अनुभव या जिल्ह्याने एकदा घेतलेला आहे.

उद्योग येथे नाहीत असे नाही. तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे 'मॉईल'च्या मँगनीज खाणी आहेत. वरठीला सनफ्लॅगचा पोलाद कारखाना आहे, गडेगावला अशोक लेलँडचा. जवाहरनगरचा आयुध निर्माणी कारखाना १ ऑक्टोबर २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीच्या अखत्यारीत आहे. या सर्व ठिकाणी आयटीआय झालेल्या कामगारांना पूर्वीपासून मागणी राहिली. बदल झाला तो कामाच्या स्वरूपात. भट्टीचे तापमान, मालाची नोंद, यंत्राच्या दुरुस्तीचे वेळापत्रक, हजेरी ही सारी कामे आता संगणकाशी जोडली गेली आहेत. राईस मिलमध्येही तांदळाचा काळा दाणा हुडकून बाजूला उडविणारे रंगवर्गीकरण यंत्र कॅमेरा आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रणावर चालते. ते बंद पडले की मिल थांबते आणि तंत्रज्ञाची वाट पाहावी लागते. आधारभूत किमतीने धान विकायचे असेल तर शेतकऱ्याला आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. म्हणजे माहिती तंत्रज्ञान पुण्या-बंगळुरूच्या काचेच्या इमारतींपुरते उरलेले नाही; ते धानाच्या पोत्यापर्यंत आले आहे.

आयटी म्हणजे केवळ प्रोग्रॅमिंग नव्हे

माहिती तंत्रज्ञान म्हटले की सॉफ्टवेअर अभियंता डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात हे क्षेत्र अनेक पायऱ्यांचे आहे. संगणक व प्रिंटरची दुरुस्ती, कार्यालयातील नेटवर्कची उभारणी, सर्व्हरची देखभाल, संकेतस्थळांची निर्मिती, सॉफ्टवेअरची चाचणी, डेटाबेसची व्यवस्था, ग्राहकांना तांत्रिक साहाय्य आणि सायबर सुरक्षा अशी कामे त्यात येतात. यांपैकी बऱ्याच कामांसाठी चार वर्षांची पदवी अनिवार्य नाही. नेमके कौशल्य, त्याचा मान्यताप्राप्त दाखला आणि काम करून दाखविण्याची तयारी असली तर सुरुवात होऊ शकते. मात्र वरच्या पायऱ्या चढण्यासाठी गणित, तर्कशक्ती आणि पुढील शिक्षण लागतेच. ही गोष्ट प्रवेशाच्या वेळीच सांगितली गेली पाहिजे.

दहावीनंतरची सर्वांत जवळची वाट आयटीआयची. देशात शिल्पकारागीर प्रशिक्षण योजना १९५० पासून सुरू आहे आणि महाराष्ट्रात चारशेहून अधिक शासकीय आयटीआय आहेत. भंडारा, तुमसर, साकोली, पवनी येथेही शासकीय संस्था आहेत. संगणकाशी थेट संबंध असलेला व्यवसाय म्हणजे 'कोपा', अर्थात कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रॅमिंग असिस्टंट. दहावी उत्तीर्णांसाठी असलेल्या या एक वर्षाच्या अभ्यासक्रमात कार्यालयीन सॉफ्टवेअरपासून डेटाबेस, वेब पृष्ठांची रचना, नेटवर्किंग आणि प्रोग्रॅमिंगची तोंडओळख असा भाग येतो. संगणकांच्या देखभालीसाठी 'आयसीटीएसएम' हा दोन वर्षांचा व्यवसाय आहे. प्रत्येक संस्थेत प्रत्येक व्यवसाय नसतो, म्हणून अर्जात पसंतीक्रम भरण्यापूर्वी संस्थेत जाऊन चौकशी करावी. उत्तीर्णांना मिळणारे राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र देशभर चालते आणि १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली विद्यावेतनासह कारखान्यात किंवा कार्यालयात शिकण्याची संधी मिळते. या कायद्याचा लाभ अनेक विद्यार्थी केवळ माहितीअभावी घेत नाहीत, ही खेदाची बाब आहे.

दुसरी वाट तंत्रनिकेतनाची. जिल्ह्यात साकोली येथे शासकीय तंत्रनिकेतन आहे. नागपूर, गोंदिया व ब्रह्मपुरी येथील शासकीय तंत्रनिकेतनेही फार लांब नाहीत. महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाची तीन वर्षांची पदविका दहावीच्या गुणांवर मिळते, त्यासाठी प्रवेश परीक्षा नाही. पदविकेनंतर अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. बारावी विज्ञान किंवा दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्यांना पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाचे दार खुले असते. म्हणजे आयटीआय, पदविका, पदवी ही शिडी सलग आहे. आयटीआयला गेलेला मुलगा तेथेच अडकतो, हा समज चुकीचा आहे. फक्त एक वर्षाचा व्यवसाय या थेट प्रवेशासाठी पुरत नाही, हा फरक लक्षात ठेवावा. 'कोपा' निवडताना नेमकी हीच बाब नजरेआड होते.

पदवीच करायची असेल तर अभियांत्रिकी हा एकमेव पर्याय नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या कक्षेत नागपूर, वर्धा, गोंदियाबरोबर भंडाराही येतो. या विद्यापीठाचा वाणिज्य व संगणक यांची सांगड घालणारा 'बीसीसीए' हा अभ्यासक्रम विदर्भात घरोघरी ठाऊक आहे. वाणिज्य शाखेच्या मुलांना संगणकाकडे नेणारी ती जुनी वाट. 'बीसीए'साठी मात्र अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता आवश्यक ठरल्यामुळे २०२४ पासून राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा लागू झाली. बारावीच्या वर्षी तिचा अर्ज भरायचा राहून गेला आणि वर्ष वाया गेले, असे होऊ नये म्हणून सीईटी कक्षाच्या वेळापत्रकावर हिवाळ्यापासूनच लक्ष ठेवणे इष्ट.

एमएस-सीआयटीचा उल्लेख येथे अपरिहार्य आहे. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना २००१ मध्ये झाली आणि त्याच काळात या अभ्यासक्रमाने राज्यातील खेड्यापाड्यांत संगणक नेला. शासकीय नोकरीसाठी तो आवश्यक ठरल्याने लाखो तरुणांनी तो पूर्ण केला. परंतु एमएस-सीआयटी ही संगणक साक्षरता आहे, व्यवसाय नव्हे. ते प्रमाणपत्र हाती आले की आयटीतील नोकरी मिळेल, अशी समजूत अजून आढळते. ती सोडून दिलेली बरी. लिपिकवर्गीय पदांसाठी संगणक टंकलेखनाचे शासकीय प्रमाणपत्र उपयोगी पडते. मराठी युनिकोड टंकलेखन सफाईने येणारा उमेदवार आजही कार्यालयांना हवा असतो.

जुना विचार, अर्धवट अंमल

हाताला काम देणारे शिक्षण हा विचार विदर्भाला नवा नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी नई तालीमची कल्पना मांडली. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात माध्यमिक शिक्षणाच्या व्यावसायीकरणाचा आग्रह धरला. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू करून ग्रामीण मुलांना कामातून तंत्रज्ञान शिकविण्याचा प्रयोग केला आणि तो पुढे अनेक शाळांत गेला. एवढी परंपरा असूनही चित्र फारसे बदलले नाही. बाराव्या पंचवार्षिक योजनेचा दाखला देत २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने नमूद केले, की भारतात १९ ते २४ वयोगटातील कामकऱ्यांपैकी पाच टक्क्यांहूनही कमी लोकांना औपचारिक व्यवसाय शिक्षण मिळाले आहे. हेच प्रमाण अमेरिकेत ५२, जर्मनीत ७५ आणि दक्षिण कोरियात ९६ टक्के आहे. २०२५ पर्यंत किमान निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाचा परिचय व्हावा, असे उद्दिष्ट त्या धोरणाने ठेवले होते. शाळेत संगणक कक्ष असणे आणि त्यात मुलांना रोज तासभर बसू देणे यांतील अंतर पालकांना पुरते ठाऊक आहे.

इंग्रजी हा झाडीपट्टीतील मुलांपुढचा मोठा अडसर. जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठीतून शिकलेला हुशार विद्यार्थी पदविकेच्या पहिल्या सत्रात गोंधळतो, तो विषय कठीण असतो म्हणून नव्हे, तर पुस्तक वाचता येत नाही म्हणून. या दृष्टीने २०२१-२२ पासून तंत्रशिक्षण मंडळाने दिलेला मराठी-इंग्रजी द्विभाषिक माध्यमाचा पर्याय स्वागतार्ह आहे. मुंबई आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पातील संगणकविषयक ध्वनिचित्रपाठ मराठीतूनही विनामूल्य मिळतात. तथापि, नोकरीच्या मुलाखतीपर्यंत कामापुरते इंग्रजी आलेच पाहिजे. मराठीतून समजून घ्यावे आणि इंग्रजीतून सांगता यावे, असा दुहेरी सराव पहिल्या वर्षापासून ठेवल्यास ही अडचण दूर होते.

नागपूर साठ किलोमीटरवर

भंडाऱ्याहून नागपूर महामार्गाने सुमारे ६० किलोमीटर. वरठीचे भंडारा रोड स्थानक मुंबई-हावडा मार्गावर आहे. पर्सिस्टंटसारखी कंपनी नागपुरात बऱ्याच वर्षांपासून आहे, तर मिहान परिसरात टीसीएस, इन्फोसिस आणि एचसीएल यांची केंद्रे उभी राहिली. त्यामुळे पुण्याला खोली करून राहण्याचा खर्च न झेपणाऱ्या कुटुंबांनाही पर्याय मिळाला आहे. मुलींच्या बाबतीत घरून होणारा विरोधही या जवळिकीमुळे काहीसा सैल होतो. एचसीएलने २०१७ मध्ये बारावी उत्तीर्णांसाठी 'टेकबी' कार्यक्रम सुरू केला. त्यात प्रशिक्षणानंतर नोकरी आणि नोकरी करताना पदवी अशी रचना आहे. विप्रोचाही विज्ञान व संगणक पदवीधरांसाठी काम करता करता शिकण्याचा कार्यक्रम आहे. अशा योजनांत शुल्क किती, नोकरी न सोडण्याची अट किती वर्षांची आणि पदवी कोणत्या विद्यापीठाची, या तीन गोष्टी सही करण्यापूर्वी लेखी मागून घ्याव्यात.

या क्षेत्राची दुसरी बाजूही पालकांनी पाहिली पाहिजे. २००१ ची डॉट-कॉम घसरण आणि २००८ ची मंदी यांत आयटीतील भरती आटली होती. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे दोन टक्के, म्हणजे १२ हजारांहून अधिक कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. मोठ्या कंपन्यांत नवख्या पदवीधराचे वार्षिक वेतन दशकाहून अधिक काळ तीन-चार लाखांच्या घरातच रेंगाळले. २०२२ अखेर चॅटजीपीटी आल्यानंतर ठरावीक साच्याचे प्रोग्रॅम लिहिणे, साधी चाचणी, नोंदी भरणे ही कामे यंत्राकडे सरकू लागली आहेत. म्हणून काही लाखांचे शैक्षणिक कर्ज काढून कोणत्याही महाविद्यालयातून कोणतीही संगणक पदवी घेणे हा आता शहाणपणाचा सौदा राहिलेला नाही. उलट नेटवर्क जोडणे, यंत्राच्या नियंत्रण प्रणालीतील बिघाड शोधणे, सर्व्हर चालू ठेवणे अशी प्रत्यक्ष जागेवर जाऊन करावयाची कामे सहजासहजी यंत्राच्या हाती जाणारी नाहीत. ती शिकविण्याचे काम आयटीआय आणि तंत्रनिकेतने करतात.

'शंभर टक्के नोकरीची हमी' देणाऱ्या खासगी क्लासेसबाबत सावध राहावे. अभ्यासक्रमाला तंत्रशिक्षण मंडळ, राष्ट्रीय व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण परिषद, विद्यापीठ किंवा 'नायलिट' यांपैकी कोणाची मान्यता आहे, हे पाहावे. फलकावरील 'शासनमान्य' या शब्दावर विसंबू नये. मान्यतेचा क्रमांक मागून तो संबंधित मंडळाच्या संकेतस्थळावर पडताळावा. नोकरी लागलेल्या जुन्या विद्यार्थ्यांशी स्वतः बोलावे. संस्था त्यांची गाठ घालून देण्यास टाळाटाळ करीत असेल, तर पैसे भरण्याची घाई करू नये.

खर्चाच्या बाबतीत २०२४-२५ पासून लागू झालेला एक निर्णय महत्त्वाचा आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत मिळते. मात्र प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातील जागेला सवलत नाही. शिक्षण पूर्ण केलेल्यांसाठी २०२४ मध्येच मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना सुरू झाली आणि त्यात बारावी उत्तीर्णांना दरमहा ६ हजार, आयटीआय व पदविकाधारकांना ८ हजार, तर पदवीधरांना १० हजार रुपये विद्यावेतन ठेवण्यात आले. ग्रामीण भागासाठी ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यात ५११ प्रमोद महाजन ग्रामीण कौशल्य विकास केंद्रांचे उद्घाटन झाले होते; तेथील अल्प मुदतीचे अभ्यासक्रम शेतीची कामे सांभाळून करण्याजोगे आहेत.

आयटीआय आणि पदविका या दोन्हींचे अर्ज दहावीच्या निकालाच्या आसपास ऑनलाइन सुरू होतात आणि दोन्ही अर्ज स्वतंत्रपणे भरता येतात. जातीचा दाखला, आवश्यक तेथे जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमिलेअर, अधिवास आणि चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला ही कागदपत्रे निकालापूर्वीच तयार ठेवावीत. जात पडताळणीस वेळ लागतो, त्यामुळे त्याचा अर्ज अकरावीत किंवा पदविकेच्या पहिल्या वर्षीच दिलेला चांगला.