लहरींची भाऊबंदकी

गेल्या सोयाबीनच्या हंगामात देवास जिल्ह्यातील लोहारदा या गावी चार दिवस राहण्याचा योग आला. सतवास-कांटाफोडच्या बाजूचे हे गाव. माझा भाचा तेथील एका धान्याच्या आडतीवर हिशेब पाहतो. पूर्वी अशा दुकानात गेले की रोजकीर्द आणि खतावणीची लाल बासने दिसत. आता हिशेबनिसाच्या हातात तळहाताएवढा संगणक असतो. वजनकाट्यावरील आकडा तारेवाचून त्या संगणकात येतो, कमरेला लावलेले लहानसे यंत्र पावती छापते आणि कानातल्या इअरफोनमधून मालकाशी बोलणे चालू असते. या तिन्ही यंत्रांना संगणकाशी जोडणारी बिनतारी व्यवस्था म्हणजे ब्लूटूथ.

सकाळी दोन ट्रॉल्यांचे वजन सुरळीत झाले. तिसऱ्या वेळी काट्यावर एक आकडा दिसत होता आणि संगणकावर दुसराच. पावती छापून हाती आली, तीवर आधीच्या शेतकऱ्याचे वजन! पहाटेपासून रांगेत उभा असलेला तो म्हातारा शेतकरी पावती परत करीत शांतपणे म्हणाला, हे वजन माझे नव्हे. दीड क्विंटलाचा फरक होता. भाचा ओशाळला. त्याने हाताने पावती लिहून दिली आणि मला म्हणाला, “मामा, ही यंत्रं एकेकटी ठेवली तर गरीब गाय आहेत. तिन्ही एकत्र आली की भांडतात.”

ते वाक्य माझ्या मनात राहिले. एकाच घरातल्या यंत्रांनी का भांडावे? या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो, तेव्हा ध्यानात आले की हे भांडण ब्लूटूथपेक्षा पुष्कळ जुने आहे. बिनतारी विद्येचा सारा इतिहासच एका अर्थाने या भाऊबंदकीचा इतिहास आहे.

बिनतारी संदेशाच्या आरंभीच्या काळात प्रेषकयंत्र ठिणगीवर चालत असे. ठिणगीतून निघणारी लहर एका सुरात बांधलेली नसे. अनेक सूर एकदम उमटत. त्यामुळे एक प्रेषक बोलू लागला की परिसरातील सर्व ग्राहकयंत्रांच्या कानठळ्या बसत. 1901 साली न्यूयॉर्कजवळच्या समुद्रात शिडांच्या नौकांची प्रसिद्ध शर्यत झाली. तिची वार्ता किनाऱ्यावर सर्वांआधी पोहोचवावी म्हणून मार्कोनीची मंडळी, डी फॉरेस्टची मंडळी आणि आणखी एक प्रतिस्पर्धी कंपनी आपापली यंत्रे घेऊन सिद्ध झाली. तिघांनी एकाच वेळी ठिणग्या पाडण्यास आरंभ केला आणि त्या गलबल्यात कोणाचाच संदेश धड उमटेना. विज्ञानाची प्रगती कितीही झाली असली, तरी चावडीवर सर्वांनी एकदम बोलू नये हा साधा शिष्टाचार अजून लहरींना शिकवायचा होता.

त्यावरचा पहिला उपाय म्हणजे सूर जुळविणे. ऑलिव्हर लॉज आणि मार्कोनी यांनी प्रेषक आणि ग्राहक एकाच कंपनसंख्येला बांधण्याच्या युक्त्या काढल्या. तंबोऱ्याची एक तार छेडली असता तिच्या सुराशी जुळलेली दुसरी तार आपोआप झंकारते, तसाच हा प्रकार. परंतु सूर निराळे करून भांडण पुरते मिटले नाही, कारण जवळचा मोठा आवाज दूरच्या लहान आवाजाला बुडवितोच. 14 एप्रिल 1912 च्या रात्री टायटॅनिक बोटीवरील बिनतारी कारकून फिलिप्स दूरच्या केप रेस ठाण्याशी प्रवाशांचे निरोप बोलत होता. जवळच बर्फात थांबलेल्या कॅलिफोर्नियन बोटीने त्याला बर्फाची सूचना देण्यास मध्येच तोंड घातले. तो आवाज इतका जवळचा आणि मोठा, की फिलिप्सचे काम बिघडले. त्याने त्रासून गप्प राहण्यास सांगितले. कॅलिफोर्नियनवरील कारकून काही वेळाने यंत्र बंद करून निजला आणि थोड्याच अवधीत टायटॅनिक हिमनगावर आदळली. त्या रात्रीच्या अनर्थाला कारणे अनेक होती. परंतु लहरींच्या शिस्तीचा प्रश्न माणसांच्या जिवाशी येऊन भिडतो, हे जगाने तेव्हा पाहिले. बिनतारी संदेशांसंबंधीचे आंतरराष्ट्रीय करार 1906 साली बर्लिन येथे आणि 1912 साली लंडन येथे झाले. आपल्या देशातही 1933 चा बिनतारी कायदा आला आणि परवान्यावाचून यंत्र बाळगणे गुन्हा ठरले. प्रत्येकाला जमिनीचा एकेक तुकडा मोजून द्यावा, तशी लहरींची वाटणी झाली.

तथापि प्रत्येक गावात जशी थोडी गायरान जमीन राखलेली असते, तशी लहरींतही राहिली. 1947 साली अटलांटिक सिटी येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने काही पट्टे उद्योग, विज्ञान आणि वैद्यक यांच्या यंत्रांसाठी राखून ठेवले. 2400 मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा त्यांतलाच. अन्न तापविणारी मायक्रोवेव्ह भट्टी याच पट्ट्यात चालते. या गायरानात संदेशवाहक यंत्रांनाही विनापरवाना चरू द्यावे, असे अमेरिकेने 1985 साली ठरविले. भारताने 2400 ते 2483.5 मेगाहर्ट्झचा पट्टा 2005 साली अल्पशक्तीच्या यंत्रांसाठी परवानामुक्त केला. लोहारद्याच्या आडतीवरचा हिशेबनीस आज कोणाचेही दार न ठोठावता बिनतारी यंत्र वापरतो, ते या निर्णयांमुळे. परंतु गायरान म्हटले की सर्वांचीच गुरे तेथे येणार. वाय-फाय, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह भट्टी ही सारी त्याच साडेत्र्याऐंशी मेगाहर्ट्झच्या कुरणात आली.

येथे देवासचाच एक जुना दाखला आठवतो. पहिल्या बाजीराव पेशव्यांच्या काळी तुकोजी आणि जिवाजी हे पवार बंधू माळव्यात उतरले आणि देवास त्यांच्याकडे आले. त्यांच्या वंशजांच्या थोरली पाती आणि धाकटी पाती अशा दोन गाद्या एकाच शहरात नांदू लागल्या. दोन राजे, दोन राजवाडे, दोन दरबार आणि शहर मात्र एक! मुलूखही असा गुंतलेला, की एकाचे कोठे संपते आणि दुसऱ्याचे कोठे सुरू होते हे परक्याला उमगू नये. 1818 साली इंग्रजांशी तह झाला, त्यात दोन्ही पात्यांनी एकच कारभारी ठेवावा असे कलम होते. पुढे कारभार वेगळे झाले. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर 1921 साली थोरल्या पातीच्या महाराजांचे खाजगी चिटणीस होते. त्यांनी 1953 साली प्रसिद्ध केलेल्या ‘द हिल ऑफ देवी’ या पुस्तकामुळे देवासचे नाव जगभर गेले. 1948 साली दोन्ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली. एका जागी दोन सत्ता नांदवावयाच्या तर भिंती घालून भागत नाही. पाळी ठरवावी लागते आणि ती पाळी सांभाळणारा कोणीतरी कारभारी लागतो. देवासचा इतिहास हेच सांगतो आणि ब्लूटूथची रचनाही याच तत्त्वावर उभी आहे.

ही रचना स्वीडनमधील एरिक्सन कंपनीत 1994 साली आकारास येऊ लागली. याप हार्टसेन या डच अभियंत्याचा तीत मोठा वाटा होता. 1998 साली एरिक्सन, आयबीएम, इंटेल, नोकिया आणि तोशिबा या पाच कंपन्यांनी एक मंडळ स्थापन केले. दहाव्या शतकात डेन्मार्कमधील विखुरलेल्या टोळ्यांना एका छत्राखाली आणणाऱ्या हाराल्ड राजाचे टोपणनाव, ‘निळा दात’, या व्यवस्थेला मिळाले. त्याच्या नावाची दोन आद्याक्षरे प्राचीन रूनलिपीत एकत्र गुंफून तिचे चिन्ह बनविले आहे.

मूळच्या ब्लूटूथमध्ये त्या पट्ट्याचे एकेक मेगाहर्ट्झचे 79 मार्ग पाडलेले आहेत. यंत्रे एका मार्गावर फार वेळ थांबत नाहीत. सेकंदाला 1600 वेळा उडी मारून मार्ग बदलतात. एखाद्या मार्गावर गर्दी असलीच, तर तेथला तुकडा पुन्हा धाडतात. उड्या मारण्याची ही कल्पना जुनी आहे. हेडी लामार ही चित्रपटतारका आणि जॉर्ज अँथील हा संगीतकार यांना 1942 साली अशा एका युक्तीचे पेटंट मिळाले. शत्रूला पाणतीराचे नियंत्रण बिघडविता येऊ नये म्हणून पियानोच्या 88 पट्ट्यांप्रमाणे 88 कंपनसंख्यांवर उड्या मारण्याची त्यांची योजना होती. उड्यांचा क्रम आणि बोलण्याची पाळी ब्लूटूथमध्ये एक मुख्य यंत्र ठरविते, आणि त्याच्या हाताखाली एका वेळी सात यंत्रे कार्यरत राहू शकतात. हा झाला त्या घरचा कारभारी. 2003 साली या व्यवस्थेत आणखी एक शहाणपण आले. कोणत्या मार्गांवर वाय-फायची वर्दळ आहे ते ओळखून यंत्रे ते मार्ग टाळू लागली. वाय-फायचा एक मार्ग सुमारे 20 मेगाहर्ट्झ रुंद असतो. त्याच्याशी हुज्जत घालण्यापेक्षा बाजूने जाणे बरे, एवढे तारतम्य यंत्रांना शिकविले गेले.

मग लोहारद्याची यंत्रे का भांडली? कारण सर्वच भांडणे हवेत होत नाहीत. काही घरातली असतात. हातसंगणकाच्या आरंभीच्या दिवसांत, उदाहरणार्थ 1996 साली आलेल्या पाम पायलटच्या काळी, जोडयंत्र तारेने लावीत आणि एका खाचेत एकच तार बसे. ब्लूटूथ आले तेव्हा जुन्या कार्यक्रमांची सोय व्हावी म्हणून त्या तारेची हुबेहूब नक्कल करण्यात आली. तार गेली, पण खाचेची कल्पना संगणकाच्या आत क्रमांकाच्या रूपाने शिल्लक राहिली. पुढे लोक एकाच हातसंगणकाला घडीचा कळफलक आणि उपग्रहावरून स्थान दाखविणारे यंत्र जोडू लागले, तेव्हा दोघांनीही एकाच क्रमांकाच्या खाचेवर हक्क सांगावा, असे वारंवार घडले. एकाने खाच धरली की दुसरा बाहेर ताटकळे. वापरणारा मात्र हवेतल्या लहरींना दोष देई.

त्या संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर आम्ही दिवा लावून बसलो. प्रथम सर्व यंत्रे बंद केली आणि संगणकाच्या स्मरणातील जुन्या जोडण्या पुसून टाकल्या. मग एकेक यंत्र जोडून पाहिले. काटा एकटा असता आकडे झरझर येत. छापयंत्र जोडताच काट्याचा आकडा गोठे, पण त्या वेळी शेजारी दुसरे काहीच चालू नव्हते. म्हणजे दोष हवेचा नव्हे; दोघांना एकाच क्रमांकाची खाच दिली गेली होती. ती निराळी करून दिली. पुढे छापयंत्र मधूनच नाहीसे होई. ते शेजारच्या गाळ्यातील दुसऱ्या संगणकाशीही पूर्वी जोडलेले होते आणि संधी मिळताच तिकडे जाई. तिकडची जोडणीही पुसली. शेवटी इअरफोन लावला, तेव्हा आवाज तुटू लागला आणि काट्याचे आकडेही अडखळू लागले. हे भांडण मात्र खरोखर हवेतले होते. वाय-फायचे यंत्र काट्याच्याच फळीवर ठेवलेले होते. ते दूर नेऊन 5 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर लावले, तेव्हा पुष्कळ फरक पडला. तरीही सततचा आवाज वाहून नेणारा इअरफोन पाळीतला मोठा वाटा खातोच. म्हणून वजन चालू असता तो कानातून काढून ठेवावा, असे भाच्याने आपणच ठरविले.

या खटाटोपात नवे यंत्र कोणतेही घ्यावे लागले नाही, की कोणाचा आवाज वाढवावा लागला नाही. 1901 च्या त्या शर्यतीपासून आजपर्यंत लहरींचा तंटा आवाज चढवून सुटल्याचे मला तरी आढळले नाही. जेथे सुटला तेथे तो सूर निराळे केल्याने, पाळी लावल्याने किंवा एकाने थोडे बाजूला सरकल्याने सुटला. आणि तंटा हवेतला की घरातला, हे एकेकाला वेगळे काढून पाहिल्यावाचून कळत नाही.

एक गोष्ट मात्र यंत्रांवर सोपवून चालणार नव्हती. आकडा गोठला तरी संगणक जुनाच आकडा खरा मानून पावती छापीत होता. सोयाबीन विकून वर्षाची देणी भागविणाऱ्या माणसाच्या दृष्टीने तो केवळ यंत्राचा दोष राहत नाही. तेव्हापासून काट्यावरचा आकडा मोठ्याने उच्चारावयाचा, वहीत लिहावयाचा आणि मगच पावती छापावयाची, असा पाठ भाच्याने घातला आहे. तिसऱ्या दिवशी तो म्हातारा शेतकरी उरलेला माल घेऊन पुन्हा आला. काट्यावरचा आकडा, वहीतला आकडा आणि पावतीवरचा आकडा त्याने तिन्ही ठिकाणी बोट ठेवून पाहिले, पावतीची घडी घालून खिशात ठेवली आणि ट्रॉलीकडे चालू लागला.