वहिवाट, पाखाडी आणि सुगम्यता : मालवण किनाऱ्यावरील सार्वजनिक वाटेचा एक विचार

कोकणातील दळणवळणाचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा बंदरे आणि घाटमार्ग यांकडे वळते. तथापि सामान्य माणसाचा स्थानिक शासनाशी जो नित्याचा संबंध आला, तो घरापासून सडकेपर्यंतच्या लहानशा वाटेच्या निमित्ताने. ती वाट मिळावी, अडवलेली मोकळी व्हावी, दुरुस्त व्हावी, अशा मागण्यांचे अर्ज हे ग्रामीण राजकीय जीवनाचे एक दुर्लक्षित साधन होय. या अर्जांतून नेमके काय मागितले जात होते आणि काय मागितले जात नव्हते, याचा विचार मालवण, देवगड व वेंगुर्ले या किनारी तालुक्यांच्या संदर्भात प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे.

या प्रदेशाची वस्ती वाड्यावाड्यांत विखुरलेली आहे. प्रत्येक घराच्या आवाराभोवती जांभ्या दगडाचा गडगा असतो, आणि दोन गडग्यांमधून जाणारी अरुंद पाणंद हीच वाडीची रहदारीची वाट. वहाळावर साकव, चढावर चिऱ्यांची पायऱ्यापायऱ्यांची पाखाडी. पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ धरते व पाय घसरतो. या वाटेचे माप ठरले ते डोक्यावर भारा घेऊन चालणाऱ्या धडधाकट माणसावरून. ज्याला चालता येत नसे त्याला इतरांनी डोलीतून न्यावे, अशी रीत होती. म्हणजे त्याची अडचण ही वाटेची उणीव न मानता कुटुंबाचे व शेजाऱ्यांचे कर्तव्य मानली जाई.

ब्रिटिश अमदानीत हे तालुके रत्नागिरी जिल्ह्यात होते. मुंबई इलाख्यात १८६३ पासून जमीनमहसुलाच्या दर रुपयामागे एक आणा स्थानिक उपकर वसूल होऊ लागला आणि १८६९ च्या कायद्याने त्याला अधिष्ठान मिळाले. या उत्पन्नाचा दोनतृतीयांश भाग रस्त्यांकडे आणि उरलेला शाळांकडे जात असे. परंतु वाडीतील वाटेचा प्रश्न बहुतांशी हक्काचा प्रश्न म्हणूनच हाताळला गेला. १८८२ चा सुविधाधिकार अधिनियम १८९१ मध्ये मुंबई इलाख्यास लागू झाला, आणि वीस वर्षांच्या अखंड वहिवाटीने दुसऱ्याच्या जमिनीतून जाण्याचा हक्क सिद्ध करण्याची तरतूद लागू झाली. १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाने शेताकडे जाणाऱ्या रूढ वाटेतील अडथळा दूर करविण्याचा जलद मार्ग दिला. त्यासाठी सहा महिन्यांच्या आत दावा आणणे आवश्यक होते. स्वातंत्र्योत्तर काळात महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम १४३ ने बांधावरून जाण्याच्या हक्काचा निर्णय तहसीलदाराकडे सोपविला. या सर्व कायद्यांपुढील प्रश्न एकच: वाट आहे की नाही? ती कोणाला चालता येते, हा प्रश्न त्यांच्या कक्षेत नव्हता. किंबहुना १८८२ च्या अधिनियमाचे कलम २८ असे सांगते की, एका प्रकारच्या मार्गाधिकारात दुसऱ्या प्रकारचा मार्गाधिकार अंतर्भूत होत नाही. पायी जाण्याच्या वहिवाटीतून चाकांची वाट निष्पन्न होत नाही.

पुढे १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने, १९६२ मध्ये स्थापन झालेल्या जिल्हा परिषदांनी आणि १९६५ च्या नगरपरिषदा अधिनियमाने वाटेच्या मागणीचे स्वरूप बदलले. हक्काच्या वादाशेजारी विकासकामाची मागणी आली. ‘पाखाडी बांधून मिळावी’, ‘साकवाची दुरुस्ती व्हावी’ ही अशा मागण्यांची ठरीव भाषा झाली. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा झाल्यावरही ती टिकून राहिली. येथे एक विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. चिखलाच्या, घसरड्या चढावर पाखाडी बांधली की बहुतेकांची सोय होते. पण चाकाच्या खुर्चीवरील माणसाला तीच वाट कायमची बंद होते. उतारमार्गासाठी सर्वमान्य प्रमाण एकास बारा असे आहे. पंधरा सेंटिमीटर उंचीच्या दहा पायऱ्यांऐवजी उतार करावयाचा तर तो अठरा मीटर लांब हवा, मधल्या विश्रांतीच्या जागा वेगळ्याच. सुधारणाच अडथळा ठरते ती अशी.

‘सार्वजनिक’ या शब्दाचा अर्थ मागणी केल्याशिवाय विस्तारत नाही, हे कोकणाने पूर्वीही अनुभवले आहे. सी. के. बोले यांच्या प्रेरणेने नव्हे, तर रावबहादुर सी. के. बोले यांनीच मांडलेला ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले ठरविले. महाडच्या नगरपालिकेनेही त्यानुसार ठराव केला. तरीही चवदार तळ्यावर जाण्यासाठी १९२७ चा सत्याग्रह आणि १९३७ पर्यंतचा न्यायालयीन लढा आवश्यक ठरला. संविधानाच्या अनुच्छेद १५ (२) मध्ये विहिरी व तलावांसह रस्त्यांचाही उल्लेख आहे; परंतु तेथे निषिद्ध ठरविलेल्या भेदाच्या कारणांत अपंगत्व नाही.

ती उणीव भरून काढण्याचा प्रयत्न १९९५ च्या अपंग व्यक्तींविषयीच्या अधिनियमाने केला. त्याच्या कलम ४५ ने पदपथांना उतार देण्याचे कर्तव्य शासनावर व स्थानिक संस्थांवर टाकले, पण ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ ही अटही जोडली. अमेरिकेतील कालामाझू नगरात अपंग सैनिकांच्या मागणीवरून पदपथांच्या कडा उतरत्या करण्याचे काम १९४० च्या दशकातच झाले होते, हे येथे स्मरणीय आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम ४१ मध्ये सुगम्य रस्त्यांचा स्पष्ट निर्देश आला. २०२३ मध्ये मुंबईतील एका चाकखुर्ची वापरणाऱ्या नागरिकाने पदपथांच्या तोंडाशी रोवलेल्या खांबांविषयी पाठविलेल्या पत्राची मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. वाहने वर चढू नयेत म्हणून लावलेल्या त्या खांबांमधून खुर्ची जात नव्हती. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेची किमान मानके केवळ शिफारशीच्या स्वरूपाची असू शकत नाहीत, असा निर्णय दिला.

मुंबईचा हा प्रश्न मालवणला जसाच्या तसा लागू होत नाही. मुंबईतील पदपथ महापालिकेच्या ताब्यात असतो. खांब काढणे वा त्यांतील अंतर वाढविणे तिच्या हाती असते. वाडीतील पाणंद रुंद करावयाची अथवा पाखाडीला वळसा देऊन उतार काढावयाचा, तर शेजाऱ्याचा गडगा मागे घ्यावा लागतो. सातबारावर अनेक सहहिस्सेदारांची नावे असतात, त्यांतील कित्येक मुंबईस असतात, आणि एकाची संमती राहिली तरी काम अडते. नव्या कायद्याने स्थानिक संस्थेवर कर्तव्य लादले. शेजाऱ्याच्या जमिनीवर नवा मार्गाधिकार निर्माण केला नाही. म्हणून येथे सुगम्यतेची मागणी पुन्हा वहिवाटीच्या जुन्या प्रश्नापाशी येऊन पोहोचते. यास्तव अर्जात ‘वाट दुरुस्त व्हावी’ एवढे म्हणणे अपुरे आहे. वाटेची रुंदी, चढ, पृष्ठभाग आणि लागणारी जमीन यांचा निर्देश त्यात हवा, आणि संमती मिळविण्याचे काम अर्जदारावर न सोडता पंचायतीने अंगावर घ्यावयास हवे.

संशोधकासही यातून एक सावधगिरी शिकावयाची आहे. जुन्या दप्तरांत वाटेविषयीचे जे अर्ज सापडतील, ते कचेरीपर्यंत पोहोचू शकलेल्यांचे असतील. जो पाखाडी उतरू शकला नाही, त्याचा अर्ज दप्तरात नसणे हा त्याची तक्रार नव्हती याचा पुरावा नव्हे. यापुढे या विषयाचे संशोधन करणाऱ्याने दप्तराबरोबर वाटही तपासावी: तिच्या पायऱ्या मोजाव्यात, रुंदी घ्यावी, आणि त्या घरांतून कोण बाहेर पडत नाही याची चौकशी करावी.