ग्रामेतिहास व कुलेतिहास

ग्रामेतिहास व कुलेतिहास : एखाद्या गावाची वसाहत, जमीन, हक्क व संस्था यांचा आणि त्या गावात नांदलेल्या घराण्यांचा साधार व कालानुक्रमे केलेला अभ्यास. राज्ये व राजघराणी यांच्या इतिहासापेक्षा याचे क्षेत्र लहान असते. तथापि शेतकरी, कारागीर, सेवेकरी यांसारख्या सामान्य माणसांचा पूर्वकाळ ज्यावरून कळू शकतो, तो मुख्यतः हाच इतिहास होय. गाव व कुळ हे दोन विषय वेगळे असले, तरी त्यांची साधने बहुतांशी एकच असल्यामुळे त्यांचा विचार एकत्र केला जातो.

इंग्लंडमध्ये या अभ्यासाचा पाया पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या कक्षेतील वस्ती, हा आहे. आठव्या हेन्रीच्या कारकीर्दीत, १५३८ मध्ये, टॉमस क्रॉमवेलने प्रत्येक पॅरिशमध्ये बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंदवही ठेवण्याचा हुकूम काढला. शासकीय जन्ममृत्युनोंदणी तेथे १८३७ पासून सुरू झाली. त्यापूर्वीची सु. तीनशे वर्षे जमीनदार व मजूर यांची नावे एकाच वहीत येत गेली. श्रॉपशरमधील मिडल या पॅरिशचा इतिहास रिचर्ड गॉफ याने १७०० च्या सुमारास लिहिला. त्याची मांडणी लक्षणीय आहे. चर्चमधील बाकांचा नकाशा पुढे ठेवून कोणत्या बाकावर कोणत्या घराण्याचा हक्क, या क्रमाने त्याने गावातील कुळांच्या हकीकती सांगितल्या. गिल्बर्ट व्हाइटचा सेलबोर्नविषयीचा ग्रंथ (१७८९) हे या परंपरेतील दुसरे प्रसिद्ध उदाहरण होय. विसाव्या शतकात डब्ल्यू. जी. हॉस्किन्स याने लेस्टर येथे स्थानिक इतिहासाच्या अध्ययनाला विद्यापीठीय शिस्त दिली, तर केंब्रिज येथील संशोधकांनी १९६४ पासून पॅरिशच्या वह्यांवरून लोकसंख्या व कुटुंबरचना यांचा अभ्यास केला.

महाराष्ट्रातील गावाला अशी नोंदवही नव्हती. येथे जन्म किंवा विवाह यांची नोंद ठेवण्याचे काम कोणत्याही देवळाकडे किंवा सरकारी कचेरीकडे नव्हते. नोंद होई ती हक्काची. पाटीलकी, कुलकर्ण, चौगुलकी, बलुते, मिरास जमीन यांसारखे वंशपरंपरागत हक्क प्राप्त झाले, विकले गेले, वाटले गेले किंवा त्यांविषयी तंटा उपस्थित झाला, म्हणजे कागद निर्माण होई. या एका भेदातून मराठी ग्रामेतिहासाचे सामर्थ्य व त्याच्या मर्यादा या दोन्ही उद्भवल्या आहेत.

नासिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील पिंपळगाव बसवंत हे गाव या दृष्टीने उदाहरणादाखल घेता येईल. नासिकच्या ईशान्येस सु. ३० किमी. वर, मुंबई–आग्रा रस्त्यावर ते वसले असून कांदा, टोमॅटो व द्राक्षे यांची मोठी बाजारपेठ म्हणून प्रसिद्ध आहे. अशा गावाचा इतिहास नावापासूनच सुरू होतो. पिंपळाच्या झाडावरून पडलेले ‘पिंपळगाव’ हे नाव महाराष्ट्रात अनेक गावांना आहे. नासिक शहरालगतच पिंपळगाव बहुला व पिंपळगाव खांब ही गावे आहेत. त्यामुळे वसुलाच्या कागदात गावे ओळखू यावीत, म्हणून नावापुढे दुसरे पद जोडले जाई. बुद्रुक व खुर्द ही पदे फार्सीतील ‘थोरला’ व ‘धाकटा’ या अर्थाच्या शब्दांवरून आली. गावाच्या नावातही अशा प्रकारे राज्यकारभाराचे ठसे आढळतात.

या प्रदेशावर क्रमाने निजामशाही, मोगल, मराठे व इंग्रज यांचा अंमल झाला. १६३६ मध्ये निजामशाही बुडाल्यानंतर तो मोगलांकडे गेला व नासिकला गुलशनाबाद हे नाव रूढ झाले. अठराव्या शतकाच्या मध्यास मराठ्यांची सत्ता येथे स्थिरावली. पिंपळगावच्या पुढे याच रस्त्यावर असलेले चांदवड हे होळकरांचे महत्त्वाचे ठाणे होते. तेथील रंगमहाल त्याची साक्ष देतो. १८१८ मध्ये इंग्रजी अंमल सुरू झाला. आजचा नासिक जिल्हा मात्र १८६९ मध्ये तत्कालीन अहमदनगर व खानदेश या जिल्ह्यांचे भाग मिळून बनला. त्यामुळे निफाड परिसरातील एखाद्या गावाच्या जुन्या कागदांचा शोध केवळ नासिकच्या कचेरीत घेऊन भागत नाही. मराठेशाहीतील हिशेबांसाठी पुण्याच्या पेशवे दप्तराकडे, तर १८६९ पूर्वीच्या महसुली पत्रव्यवहारासाठी अहमदनगर व मुंबई येथील अभिलेखांकडे जावे लागते.

साधने : मराठेशाहीतील साधनांत महजर, निवाडापत्र, वतनपत्र व करीना हे प्रमुख होत. वतनाचा तंटा गोतसभेपुढे आला, म्हणजे दोन्ही पक्ष आपापल्या घराण्याची हकीकत मूळ पुरुषापासून लिहून देत. तिला करीना म्हणत. पूर्वज गावात कधी आला, कोणत्या दुष्काळात गाव ओस पडले, कोणी पुन्हा कौल घेऊन वसाहत केली, कोण निपुत्रिक वारला, कोणाला दत्तक घेतले, हे सर्व त्यात येई. सभेच्या महजरावर गावातील वतनदारांच्या निशाण्या पडत. पाटील व कुणबी नांगराची निशाणी करीत, तर बलुतेदार आपापल्या धंद्यातील हत्याराची. वतनपत्रांत मानपानाचा क्रमही नमूद केलेला असे : पोळ्याला प्रथम कोणाचा बैल वेशीतून जावा, होळीला पहिला मान कोणाचा, टिळा-विडा कोणास आधी द्यावा. गॉफला मिडलची कुळे चर्चच्या बाकांवरून उलगडता आली. मराठी गावाची कुळे या मानाच्या क्रमावरून उलगडतात. करीना हा हक्क सिद्ध करण्यासाठी लिहिलेला असल्याने त्यातील वंशावळ प्रतिपक्षाच्या करीन्याशी व निवाड्याशी ताडून पाहिल्याशिवाय प्रमाण मानता येत नाही.

जमिनीची नोंद थळझाड्यात मिळते. गावची जमीन मूळच्या कुळांच्या थळांत विभागलेली असून थळाला त्या कुळाचे नाव असे. कूळ नष्ट झाले, तरी थळाचे नाव पुष्कळदा टिकून राही आणि अशी जमीन गतकुळी म्हणून ओळखली जाई. गावातून नाहीशी झालेली घराणी अशा रीतीने शेताच्या नावात शिल्लक राहतात. मिरासदार व उपरी हा भेदही याच कागदांत दिसतो. उपरी कुळे पिढ्यान् पिढ्या गावात कसत असली, तरी त्यांना मिरासीचा हक्क नसल्याने त्यांची वंशावळ सहसा आढळत नाही.

इंग्रजी अमदानीत साधनांचे स्वरूप बदलले. इंदापूर येथे १८३५ नंतर गोल्डस्मिड व विंगेट यांनी घालून दिलेली मोजणीची पद्धती दख्खनभर पसरली आणि प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर व आकार मिळाला. इनाम कमिशनने (१८५२) इनामांची चौकशी केली. तीसाठी घराण्यांनी जुन्या सनदा व वंशावळी दाखल केल्या. पुढे खानेसुमारी, गावकामगारांनी ठेवलेली जन्ममृत्यूची वही (गाव नमुना १४), शाळांची दाखलपुस्तके व १९०३ च्या कायद्याने सुरू झालेली हक्कनोंदणी यांची भर पडली. जन्म व मृत्यू यांच्या निमित्ताने हक्कदार नसलेल्या माणसाचे नाव सरकारी कागदात नियमाने येऊ लागले, ते या टप्प्यावर. यांतील पुष्कळ नोंदी मोडी लिपीत आहेत.

सरकारी दप्तराबाहेरील साधनांत तीर्थोपाध्यायांच्या वह्यांना विशेष स्थान आहे. नासिक व त्र्यंबकेश्वर येथील उपाध्ये यात्रेकरूंची नावे गाव व आडनाव यांनुसार लिहून ठेवीत. यात्रेकरू आपल्याबरोबरच भाऊ, मुलगे व दिवंगत पूर्वज यांची नावे सांगे; त्यावरून अनेक पिढ्या जुळविता येतात. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी व अन्यत्र भाट हे कुळांच्या वंशावळी वाहणारे परंपरागत व्यावसायिक होत.

अभ्यासाची परंपरा : लोणी या गावाचे टॉमस कोट्स याने केलेले वर्णन १८२३ मध्ये प्रसिद्ध झाले. नासिक जिल्ह्याचे गॅझेटिअर १८८३ मध्ये निघाले. त्रिंबक नारायण आत्रे यांचा गावगाडा (१९१५) व हॅरल्ड मान याचा पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास (१९१७) हे ग्रामजीवनाच्या अभ्यासातील महत्त्वाचे टप्पे होत. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधने प्रसिद्ध केली. ती मिळविण्यासाठी ते गावोगाव हिंडले व जुन्या घराण्यांतील कागद त्यांनी उजेडात आणले. पुणे येथील भारत इतिहास संशोधक मंडळ (१९१०) व धुळे येथील राजवाडे संशोधन मंडळ (१९२७) यांनी हे कार्य पुढे चालविले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कुलवृत्तांत हा ग्रंथप्रकारही रूढ झाला. तो प्रामुख्याने ब्राह्मण कुळांत वाढला. कारण लेखनाची परंपरा व जपलेले दप्तर या दोन्ही गोष्टी त्या घरांत होत्या.

मर्यादा : हक्काच्या कागदात हक्क असलेलाच येतो. त्यामुळे स्त्रिया, उपरी, भूमिहीन व भटके यांचा वृत्तांत वतनी दप्तरात तुटपुंजा आहे. वंशावळीत बहुधा पुरुषांचीच नावे असतात. स्त्री आढळते ती दत्तकाच्या किंवा वारसाच्या तंट्यातील विधवा म्हणून. महारांकडे वतन होते. परंतु त्याने दिलेल्या हक्कापेक्षा लादलेली सेवा मोठी होती. म्हणूनच डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ मध्ये वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले. नोकरीनिमित्त आलेली घराणीही गावाच्या वतनी कागदात नसतात. न्या. महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८४२ मध्ये निफाड येथे झाला. परंतु त्यांचे घराणे मूळचे कोकणातील असून वडिलांच्या सरकारी नोकरीमुळे ते तेथे होते. निफाडच्या वतनदारांच्या यादीत त्यांचे कूळ शोधणे व्यर्थ होय.

ही उणीव मौखिक साधनांनी काही अंशी भरून निघते. हेमा राईरकर व गी प्वातवाँ यांनी संकलित केलेल्या जात्यावरच्या ओव्यांची संख्या एक लाखाहून अधिक असून त्यांत स्त्रियांनी माहेर, सासर व गाव यांविषयी स्वतः सांगितलेले आहे. दलित आत्मकथनांनी, उदा., दया पवार यांच्या बलुतं (१९७८) या ग्रंथाने, गावगाड्याची दुसरी बाजू प्रथमच लिखित केली.

वर्तमान महत्त्व : कुलकर्णी वतने १९५० च्या, कनिष्ठ ग्रामवतने १९५८ च्या व मुलकी पाटलांची पदे १९६२ च्या कायद्याने संपुष्टात आली. वतन गेल्यावर अनेक घरांत दप्तराचे प्रयोजन उरले नाही व रुमालात बांधलेले कागद वाळवी, ओल व वाटण्या यांत नष्ट झाले. त्याच सुमारास जुन्या कागदाला नवे महत्त्व प्राप्त झाले. जातप्रमाणपत्रासाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ या दिनांकांपूर्वीचे पुरावे मागितले जातात. २०२३ मध्ये राज्य शासनाने निवृत्त न्यायाधीश संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमल्यानंतर कुणबी नोंदींसाठी गाव नमुना १४, शाळांची दाखलपुस्तके व महसुली दप्तरे राज्यभर तपासली गेली आणि मोडी वाचकांची गरज एकाएकी भासू लागली. ग्रामेतिहासाची साधने अशा प्रकारे संशोधकाच्या टेबलावरून सामान्य नागरिकाच्या अर्जापर्यंत पोहोचली. ज्यांच्या पूर्वजांजवळ शेत, वतन किंवा शाळेतील दाखला यांपैकी काहीच नव्हते, त्यांना पुरावा मिळविणे सर्वांत कठीण जाते आणि भटक्या जमातींच्या बाबतीत ही अडचण विशेष तीव्र आहे. कागद नसणे म्हणजे इतिहास नसणे नव्हे, हे तत्त्व या शाखेच्या अभ्यासकाला साधनांची छाननी करताना सतत ध्यानी ठेवावे लागते. गावातील दप्तरांची सूची करणे, मोडी कागदांचे लिप्यंतर करणे आणि वृद्धांच्या आठवणी नोंदवून ठेवणे ही कामे त्या त्या गावीच होऊ शकतात आणि त्यांवरच पुढील ग्रामेतिहासाचे लेखन अवलंबून आहे.