सिलिकेट खडकांतील पालाश : आयात खताला पर्याय किती?

नत्र, स्फुरद आणि पालाश या पिकांच्या तीन मुख्य अन्नद्रव्यांपैकी पालाशाबाबत भारत जवळजवळ पूर्णपणे परावलंबी आहे. म्युरेट ऑफ पोटॅश हे खत प्रामुख्याने कॅनडा, रशिया, बेलारूस, इस्रायल आणि जॉर्डन या देशांतून आयात केले जाते. २०२१ मध्ये बेलारूसवर लादण्यात आलेले निर्बंध आणि २०२२ मध्ये सुरू झालेले युक्रेन युद्ध यांमुळे या खताचे जागतिक दर कडाडले. २०२३ मध्ये संसदेने खाणविषयक कायद्यात दुरुस्ती करून पालाश आणि ग्लॉकोनाइट या खनिजांचा महत्त्वपूर्ण खनिजांच्या यादीत समावेश केला. त्यानंतर लिलावासाठी काढण्यात आलेल्या क्षेत्रांत बिहारच्या रोहतास जिल्ह्यातील ग्लॉकोनाइटच्या क्षेत्रांचाही समावेश होता.

वास्तविक भारतात पालाशयुक्त खडकांची वाण नाही. विंध्य पर्वतराजीच्या पट्ट्यात आणि कच्छमध्ये हिरवट ग्लॉकोनाइटी वालुकाश्म आढळतो, तर झारखंडमधील कोडरमा परिसरात खाणकामातून उरलेल्या अभ्रकाचे ढिगारे पडून आहेत. शुद्ध पोटॅश फेल्स्पारमध्ये पालाशाचे प्रमाण सुमारे १७ टक्के असते. अडचण ही, की हा पालाश पिकाला मिळत नाही. फेल्स्पारमध्ये तो सिलिका आणि ॲल्युमिनियमच्या घट्ट जाळीत बंदिस्त असतो. अभ्रक व ग्लॉकोनाइटमध्ये तो पापुद्र्यांच्या मध्ये अडकलेला असतो, त्यामुळे तेथून तुलनेने लवकर सुटतो. जमिनीतील एकूण पालाशापैकी ९० टक्क्यांहून अधिक भाग अशाच खनिजरूपात असतो, ही बाब येथे लक्षात घेण्याजोगी आहे. म्हणूनच खडकावर आधी प्रक्रिया करावी लागते.

सर्वांत सोपी प्रक्रिया म्हणजे बारीक दळणे. त्यामुळे खडकाचा पृष्ठभाग वाढतो, मात्र केवळ दळलेला फेल्स्पार एका हंगामात पिकाची गरज भागवू शकत नाही. दुसऱ्या पद्धतीत ग्लॉकोनाइट कॅल्शियम क्लोराइडसह सुमारे ९०० अंश सेल्सिअस तापमानाला भाजून पाण्यात विरघळवले जाते व त्यातून पोटॅशियम क्लोराइड मिळते. ही पद्धत परिणामकारक असली तरी इंधनाचा खर्च मोठा आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या संशोधकांनी ब्राझीलमधील सायनाइट खडकाची भुकटी, चुना आणि पाणी बंद पात्रात सुमारे २०० अंशांवर तापवून फेल्स्पारची जाळी मोडण्याची पद्धत विकसित केली. या उत्पादनातील काही पालाश पिकाला लगेच उपलब्ध होतो, शिवाय आम्लयुक्त जमिनीची आम्लता कमी करण्यासही त्याची मदत होते.

जिवाणूंचा मार्ग याहून स्वस्त आहे. नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतील प्रयोगांत टाकाऊ अभ्रकाला पालाश विरघळवणाऱ्या जिवाणूंची जोड दिल्यावर चारापिकाची वाढ व पालाशाचे शोषण वाढल्याचे आढळले. अशा जिवाणू खतांना खत नियंत्रण आदेशातही स्थान आहे. मात्र हे काम मंद गतीने चालते.

आपल्या गरजेच्या ९० टक्क्यांहून अधिक पालाश आयात करणाऱ्या ब्राझीलने २०१३ मध्ये कायदा करून खडकाच्या भुकटीला कृषी निविष्ठा म्हणून मान्यता दिली. २०१६ च्या नियमांनुसार अशा भुकटीत किमान १ टक्का पालाश असणे आवश्यक आहे. हा प्रयत्न तसा नवा नाही. पहिल्या महायुद्धात जर्मनीचा पालाश बंद झाला, तेव्हा अमेरिकेनेही फेल्स्पारपासून तो मिळवण्याचे प्रयोग केले होते; युद्धानंतर स्वस्त खत पुन्हा येऊ लागताच ते मागे पडले.

खरा अडसर वजनाचा आहे. म्युरेट ऑफ पोटॅशच्या ५० किलोच्या गोणीत ३० किलो पालाश असतो. तेवढाच पालाश ५ टक्क्यांच्या ग्लॉकोनाइटी खडकातून द्यायचा, तर ६०० किलो भुकटी वाहून न्यावी लागेल, आणि त्यातलाही सगळा पालाश पिकाला लागू होणार नाही. त्यामुळे खाणीपासून दूरच्या शेतांसाठी हा पर्याय परवडणे कठीण दिसते.

महाराष्ट्रात सर्वत्र असलेला काळा बेसॉल्ट या कामी फारसा उपयोगाचा नाही, कारण त्यात पालाश साधारणपणे १ टक्क्याहूनही कमी असतो. चुन्याची प्रक्रिया केलेल्या खताचा आम्लता घटवण्याचा गुणही चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत वाया जाईल. कोकण व गोव्यातील जांभ्याच्या आम्लयुक्त जमिनीची गोष्ट वेगळी आहे. तेथे मुसळधार पावसात विरघळणारे खत वाहून जाते, त्यामुळे नारळ, काजू यांसारख्या बहुवर्षायू पिकांसाठी सावकाश सुटणारा पालाश अधिक सोयीचा ठरू शकेल. क्लोराइड न सोसणाऱ्या तंबाखूसारख्या पिकांसाठीही क्लोराइडविरहित प्रक्रियेचे खत विचारात घेता येईल.

अशी भुकटी विकत घेताना गोणीवर छापलेल्या ‘एकूण पालाश’ या आकड्यावर विसंबून चालणार नाही. त्यापैकी पाण्यात किंवा सौम्य सायट्रिक आम्लात किती पालाश विरघळतो, हे विक्रेत्याकडून लेखी मागून घ्यावे.